सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

अम्मीच्या उशीची खोळ धुवायला काढली, तर आत गोळ्यांची अर्धी पट्टी. अमिओडॅरोन, २०० मिलिग्रॅम. हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी, रोज एक घ्यायची गोळी.

"कधीपासून बंद केलीस?"

"रमजान लागला तेव्हापासून. या गोळीने अंगात जीवच राहत नाही, बेटा. आणि बघ, तीन आठवडे झाले, धडधड कुठे आहे?"

अम्मीला एट्रियल फिब्रिलेशन आहे. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. गोळीने धडधड थांबली होती. पण काही महिन्यांत अम्मी बदलली. उन्हाळ्यातही शाल, बद्धकोष्ठ, सुजल्यासारखा चेहरा, तस्बीह हातात असतानाच डुलकी. आम्ही म्हणायचो, वय झाले. ती म्हणायची, सब्र करावा.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ही गोळी शरीरातल्या चरबीत साठते. बंद केली तरी तिचा अंश कित्येक आठवडे, कधी काही महिने राहतो. तुम्हाला बरे वाटतेय ते जुन्या साठ्यावर. तो संपला की धडधड परत येऊ शकते."

मग थकवा कशाचा? या गोळीच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आयोडीन असतो. त्यामुळे थायरॉइड मंदावते, तर कुणाची उलट जास्तच चालते. अम्मीच्या रक्ताची टीएसएच तपासणी केली. तिची मंदावली होती. डॉक्टरांनी हृदयाची गोळी पुन्हा सुरू केली आणि जोडीला उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिन दिली. दोनेक महिन्यांत, अल्हम्दुलिल्लाह, शाल कपाटात गेली.

ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे, त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. थायरॉइड आणि यकृताची रक्ततपासणी साधारण दर सहा महिन्यांनी होते. ती चुकवू नये. उन्हाने त्वचा लवकर भाजते, म्हणून गच्चीवर जाताना चेहरा झाकावा. कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर ते फुफ्फुसावरच्या परिणामाचे लक्षण असू शकते. लगेच डॉक्टर गाठावा. नजर धूसर झाली तरी तसेच. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन सोबत असेल, तर तिचा जोर वाढतो. डॉक्टरांना दोन्ही औषधे माहीत हवीत.

आणि रमजान? सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिलेली आहे. रोजा झेपेल का, गोळ्या सेहरीला घ्यायच्या की इफ्तारनंतर, हे चाँद दिसण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी सोडू नये.

आता अम्मीच्या उशाशी एक वही असते. काय दुखते, काय खुपते, ते ती उर्दूत लिहिते. दवाखान्यात मी ते डॉक्टरांना मराठीत वाचून दाखवते. सब्र तिचा तसाच आहे. फक्त आता ती बोलते.