एकाच आठवड्यातली दोन मतदाने

गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ठराव संमत झाला, की दुसऱ्या दिवशी चिटणीस कामाला लागतो. जगाच्या सभेत तसे होत नाही. तेथे ठराव होतो, टाळ्याही पडतात. पण तो अमलात कोणी आणायचा, हा प्रश्न उरतोच. १९५६ सालच्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा हे सांगायला पुरेसा आहे.

त्या वर्षी २६ जुलैला नासरने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. २९ ऑक्टोबरला इस्रायलचे सैन्य सिनाईत घुसले आणि दोनच दिवसांत ब्रिटिश व फ्रेंच विमाने इजिप्तवर बाँब टाकू लागली. सुरक्षा समितीत या दोन राष्ट्रांनी नकाराधिकार वापरला. तेव्हा १९५० साली, कोरियाच्या युद्धात काढलेली तोड कामी आली : समितीचे गाडे अडले, तर प्रश्न आमसभेपुढे न्यायचा. २ नोव्हेंबरला आमसभेने ६४ विरुद्ध ५ मतांनी युद्धबंदी मागितली. सहा राष्ट्रे तटस्थ राहिली. भारत अर्थातच चौसष्टांत होता.

तोच ४ नोव्हेंबरच्या पहाटे रशियन रणगाड्यांनी बुडापेस्टवर हल्ला चढवला. पुन्हा नकाराधिकार, फक्त हात या खेपेस रशियाचा. आणि पुन्हा आमसभा. रशियाने सैन्य काढून घ्यावे, हा ठराव ५० विरुद्ध ८ मतांनी संमत झाला. तटस्थ पंधरांत भारत होता. ९ तारखेला तर, युनोच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्याव्यात असे म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. सार्वभौम देशाला बाहेरच्यांनी निवडणूक लावू नये, हा कृष्ण मेननांचा मुद्दा होता. त्यामागे काश्मीरची छाया होती, हे ओळखायला फार कष्ट नकोत. जयप्रकाश नारायणांनी या धोरणावर कडक टीका केली. पुढे २१ नोव्हेंबरला भारताने सिलोन व इंडोनेशियासह, युनोच्या निरीक्षकांना हंगेरीत येऊ द्यावे, असा ठराव मांडून तो संमतही करून घेतला. पण बुडापेस्टचे दार उघडले नाही.

दोन्हीकडे बहुमत भरघोस होते, फळ मात्र वेगळे मिळाले. सुएझमधून ब्रिटिश व फ्रेंच फौजा डिसेंबरअखेरीपूर्वी परतल्या. कारण ठरावामागे अमेरिका उभी होती, पौंड घसरत होता आणि कर्ज हवे तर आधी युद्धबंदी, असा वॉशिंग्टनचा रोख होता. हंगेरीसाठी मात्र लढायची कोणाचीच तयारी नव्हती. सुमारे दोन लाख माणसे देश सोडून गेली आणि १९५८ च्या जूनमध्ये पंतप्रधान इम्रे नॉज यांना फाशी झाली.

मग हंगेरीवरचे मतदान वाया गेले काय? पूर्णपणे नाही. आमसभेच्या खास समितीने १११ साक्षीदार तपासून १९५७ साली अहवाल दिला. घडले ते नाकारणे त्यामुळे अवघड झाले. १९८९ च्या १६ जूनला नॉज यांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले, तेव्हा चौकात अफाट जनसमुदाय लोटला होता.

मताने रणगाडा परततोच असे नाही. पण दुबळ्या राष्ट्राच्या हाती त्या घटकेला दुसरे काय असते? म्हणून आक्रमण कोणी केले हे पाहून नव्हे, तर आक्रमण झाले की नाही हे पाहून हात वर व्हावा. सुएझच्या वेळी आपला शब्द जड पडला, तो निःसंदिग्ध होता म्हणून. हंगेरीच्या वेळी तो चाचरला, आणि जगाने तेही टिपून ठेवले.