मातीची सोबत

पोळा जवळ आला की रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातून सदर बाजाराकडे जाताना भाजलेल्या मातीचे बैल दिसू लागतात. इथे त्यांना ‘नांदिया बइला’ म्हणतात. पायांना भोकं, भोकांतून काडी, काडीला मातीचीच चाकं. नागपूरकडून आलेल्या आमच्यासारख्या घरांना तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आठवतो. अमावास्या एकच; फक्त आमच्या पंचांगात तेव्हा श्रावण संपतो आणि शेजाऱ्यांचा भादो निम्मा झालेला असतो. पुरणपोळी इकडून जाते, ठेठरी-खुरमी तिकडून येते. पूजा होईपर्यंत पोरं कशीबशी दम धरतात, मग बैल दोरीने गल्लीभर ओढतात. संध्याकाळपर्यंत एखादं शिंग गेलेलं असतंच.

हे बैल पाहिले की मला मातीत काम करणाऱ्या कलाकार सोनाबाई रजवार आठवतात. चित्रकार आणि त्यांचे पाळीव प्राणी हा विषय निघाला की फ्रीडा काहलो हमखास येते. तिने घरात माकडं आणि पोपट पाळले, आपल्या चित्रांतही आणून बसवले. सोनाबाईंचं नेमकं उलटं झालं. त्यांच्याकडे आधी मातीतलेच प्राणी आले.

सरगुजा जिल्ह्यातलं पुहपुटरा हे त्यांचं सासर. लहान वयात लग्न झालं, नवरा वयाने बराच मोठा. गावाबाहेरच्या घरात त्याने त्यांना सुमारे पंधरा वर्षं जवळजवळ कोंडूनच ठेवलं. येणंजाणं नाही, बोलायला कोणी बाई नाही. मूल झालं, पण त्याला खेळायला काही नव्हतं. मग माती कालवून त्यांनी त्याच्यासाठी प्राणी-पक्षी घडवायला सुरुवात केली. चाक नाही, भट्टी नाही. बोटांनी दाबायचं आणि उन्हात वाळवायचं. रंग स्वयंपाकघरातून आणि आसपासच्या मातीतून.

रजवार समाजातल्या बायका सणासाठी भिंती लिंपून सजवतात. ती रीत सोनाबाईंच्या हाताला होतीच. पण इथे सजावट पाहायला येणार कोण? तरी खेळणी हळूहळू भिंतींवर चढली. पक्षी, माकडं, साप, वाघ आणि त्यांच्यामध्ये नाचणाऱ्या बाया. ‘एकाकीपणातून कला जन्मते’ हे वाक्य मला एरवी आवडत नाही. त्यात कोंडणाऱ्याला फुकटचं श्रेय मिळतं. पण या वाघांना दरारा नाही, हे लक्षात येतं. ते घरातल्या माणसांसारखे शेजारी बसलेले आहेत.

१९८३ साली भोपाळच्या भारत भवनची माणसं लोककलेच्या शोधात गावोगाव फिरत होती. ती पुहपुटऱ्याला पोचली, आणि त्याच वर्षी सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मुलगा दरोगारामही हेच काम करू लागला. २००७ मध्ये सोनाबाई गेल्या.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे जाळी. बांबूच्या पातळ कामट्या वाकवून गोल करायचे, ते एकमेकांना बांधायचे आणि वरून माती लिंपायची. उन्हाळ्यात घर भट्टीसारखं तापतं. जाळीमुळे ऊन अडतं आणि वारा मात्र आत येतो. गरजेची वस्तू, एवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्या गोलांत सोनाबाईंनी पाखरं बसवली, वाऱ्याच्या येण्याच्या वाटेवरच. ऊन कललं की त्यांच्या सावल्या जमिनीवरून सरकत जातात.