सूचींतील चार ओळी



विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या अखेरीस संदर्भग्रंथांची एक यादी असते. ती बहुधा शेवटच्या रात्रीं घाईघाईनें उतरलेली असते, आणि वाचणाराही तिच्यावरून नुसती नजर फिरवितो. आज मी ज्या यादीविषयीं बोलणार आहें, तिची जागा प्रबंधाच्या शेवटीं असली तरी तिचें काम आरंभापासूनच सुरू होतें. तिला सटीप ग्रंथसूचि म्हणतात. प्रत्येक ग्रंथाच्या नोंदीखालीं त्या ग्रंथाविषयीं चार ओळींची टीप, एवढाच तिचा विशेष.

साधी सूचि अमुक ग्रंथ आहे एवढेंच सांगते. तें कामही लहान नव्हे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मुद्रित मराठी ग्रंथांची जी सूचि केली, तिचे उपकार अभ्यासकांवर फार मोठे आहेत. परंतु विद्यार्थ्याला याहून निराळा प्रश्न सोडवावयाचा असतो: या ग्रंथावर मीं कितपत विसंबावें, आणि कशापुरतें?

एक उदाहरण घेऊं. समजा, एखाद्या विद्यार्थिनीनें १८५८ सालचा झांशीचा वेढा हा विषय निवडला. तिच्या हातीं लवकरच पांच पुस्तकें येतील: वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास', दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचें १८९४ सालचें राणी लक्ष्मीबाईंचें चरित्र, इंग्रजी फौजेबरोबर असलेले डॉक्टर थॉमस लो यांचें १८६० सालीं निघालेलें पुस्तक, १९०९ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालेला सावरकरांचा सत्तावनवरील ग्रंथ, आणि वृंदावनलाल वर्मा यांची १९४६ सालची हिंदी कादंबरी 'झांसी की रानी'.

साध्या यादींत हीं पांचही नांवें एकाच पंक्तीला बसतात. टीप लिहूं लागतांच त्यांच्यांतील अंतर दिसूं लागतें. गोडसे भटजी वेढ्याच्या वेळीं शहराच्या आंत होते, तर लो तटाबाहेरच्या फौजेंत होते. दोघांचीही साक्ष डोळ्यांनीं पाहिलेल्याची, पण एकाच भिंतीच्या दोन बाजूंची. पारसनीस यांनीं घटनेनंतर ३६ वर्षांनीं, मिळविलेल्या माहितीवरून चरित्र रचलें. तें बंड नव्हतें, तें स्वातंत्र्ययुद्ध होतें, हें सिद्ध करण्यासाठींच सावरकरांनीं ग्रंथ लिहिला. त्यांचा पक्ष उघड आहे, आणि टीपेंतही तो उघडच लिहिला पाहिजे. राहिली कादंबरी. राणीची मूर्ति लोकांच्या मनांत कशी राहिली याला तिचा आधार घेतां येईल. तोफा कोणत्या बुरुजावर होत्या याला नव्हे.

येथें मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. माझ्या घरीं 'माझा प्रवास'ची जी प्रत होती, ती चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मजकुरावरून छापलेली होती. तिच्यांतील उतारे मी वर्षानुवर्षें वर्गांत वाचून दाखवीत असें, आणि "हे प्रत्यक्ष भटजींचे शब्द बरें का!" असें मोठ्या विश्वासानें सांगत असें. वैद्य यांनीं मूळ लेखनाच्या भाषेंत आणि मजकुरांत फेरफार केले होते, आणि दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून तो ग्रंथ १९६६ सालीं नव्यानें प्रसिद्ध केला होता, याचा मला पत्ताच नव्हता. माझ्या भरंवशावर एका विद्यार्थिनीनें असाच एक उतारा आपल्या निबंधांत घातला. तपासणारानें समासांत एवढेंच लिहिलें, 'हे शब्द कोणाचे? पोतदारांची प्रत पाहिली काय?' ती वही घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही तर हे भटजींचेच शब्द म्हणालां होतां." माझ्याजवळ उत्तर नव्हतें. चुकलों मी होतों, आणि गुण तिचे गेले होते.

सटीप सूचीची संवय असती तर हा प्रसंग आला नसता. कारण टीप लिहिणारास चार प्रश्न टाळतां येत नाहींत. ग्रंथांत काय आहे? सांगणारा कोण, आणि त्यानें तें कोठून व किती काळानें सांगितलें? आपल्या हातीं आहे ती आवृत्ति कोणाची, आणि तींत काय बदललें आहे? आणि शेवटीं, माझ्या प्रश्नाला याचा उपयोग कोणता?

लेखक, ग्रंथनाम, संपादक, स्थळ, प्रकाशक आणि साल एवढें लिहून झाल्यावर गोडसे यांच्या ग्रंथाखालीं टीप साधारण अशी येईल: 'वेढ्याच्या वेळीं झांशींत असलेल्या भिक्षुकाचें कथन, प्रवासानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं लिहिलेलें. मूळ हस्तलिखितावरून संपादित आवृत्ति वापरली. १९०७ ची आवृत्ति केवळ तुलनेसाठीं पाहिली. शहरांतील लोकांचे हाल आणि लूट यांविषयीं महत्त्वाची साक्ष. जेथें भटजी स्वतः नव्हते तेथील हकीकत ऐकीव; तिला दुसरा आधार शोधावा.' एवढ्यानें वाचणाराला ग्रंथ कळतो, आणि लिहिणारानें तो खरोखरच वाचला आहे हेंही कळतें.

टीप पुस्तक समोर असतांनाच लिहावी. ती प्रस्तावनेंतून उतरून काढूं नये. प्रस्तावनाकार ग्रंथाची स्तुति करतो, आपणांस त्याची पारख करावयाची आहे. जें पुस्तक पाहिलें नाहीं, त्याचें नांव यादी लांबविण्यासाठीं घालूं नये. संगणकावर वाचलेल्या मजकुराच्या नोंदींत तो कोणत्या दिवशीं पाहिला तेंही लिहावें, कारण तेथील मजकूर पुढें बदलूं शकतो. आठ ग्रंथांच्या अशा खऱ्या टीपा पन्नास कोऱ्या नांवांहून अधिक मोलाच्या.

आपल्या घरीं कोणी मुलगा किंवा मुलगी प्रबंध लिहीत असेल, तर किती पुस्तकें वाचलीं हें विचारूं नका. त्यांतील एक हातांत घेऊन विचारा, "हें कोण सांगतो आहे, आणि त्याला तें कसें ठाऊक?" मला हा प्रश्न त्या मुलीच्या वहीनें शिकविला, आणि तोंवर माझ्या नोकरीचीं बरींच वर्षें उलटून गेलीं होतीं.