प्रवासी रुग्णाची भीती आणि वैद्याचे कर्तव्य

वैद्यकीय पर्यटन म्हटले की केरळातील पंचकर्म केंद्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु जळगाव-धुळ्याकडील जी कुटुंबे सुरत, मुंबई, पुणे येथे किंवा परदेशी स्थायिक झाली, त्यांतील काहीजण सुटीत गावी येऊन चिकित्सा घेतात. तेही वैद्यकीय पर्यटनच होय. २०२३ मध्ये शासनाने परदेशी रुग्णांसाठी स्वतंत्र आयुष व्हिसा सुरू केला. त्यामुळे या विषयाचा विचार आपणा सर्वांनाच करावा लागणार आहे.

असा रुग्ण निर्णय कसा घेतो? आमच्या अनुभवास असे येते की, तो लाभाआधी धोक्याचा हिशेब मांडतो. औषधात धातू आहेत काय, स्वच्छता कशी आहे, काही बिघडले तर जवळ मोठे रुग्णालय आहे काय, हे त्याचे पहिले प्रश्न असतात.

ही शंका निराधार नव्हे. २००४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात, बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक झाली. तथापि बातमी जितकी दूर पोहोचते, तितका तिच्यानंतरचा उपाय पोहोचत नाही. रसौषधी देताना तिचे नाव, निर्माता, मात्रा व कालावधी लिहून देणे, हाच या शंकेवरील उतारा होय.

खरी चिंता निराळीच आहे. रुग्णास जो धोका दिसतो, त्याहून न दिसणारा धोका अनेकदा मोठा असतो. परतीचे तिकीट ठरलेले असल्याने तो म्हणतो, “वैद्यराज, आठ दिवसांत सर्व उरकून द्या.” शोधनानंतरचे संसर्जन मग प्रवासातील खाद्यपदार्थांवर निभावले जाते. बस्तीनंतरचा परिहारकाळ बस्तीच्या दिवसांच्या दुप्पट सांगितला आहे. म्हणजे आठ दिवसांच्या योगबस्तीनंतर सोळा दिवस पथ्य हवे. परिहार्य गोष्टींत चरकाचार्यांनी रथक्षोभ, म्हणजे वाहनातील हादरे, स्पष्टपणे गणले आहेत. धुळ्याहून रात्रभर बसने जाणाऱ्या रुग्णास हे कोण सांगणार?

ऋतूचेही तसेच. शाळांना सुटी एप्रिल-मेमध्ये, आणि त्याच वेळी जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अतिउष्ण काळ शोधनास योग्य नाही, हे ठाऊक असूनही आग्रहास बळी पडण्याचा मोह होतो. अशा वेळी शमन चिकित्सा देऊन शोधनासाठी योग्य ऋतूत बोलावणे उचित. एक रुग्ण परत गेला तरी चालेल; पण शास्त्रावरचा विश्वास जाता कामा नये.

रुग्णाच्या चार गुणांत चरकाचार्यांनी ‘अभीरुत्व’ सांगितले आहे. ही निर्भयता कोरड्या आश्वासनाने येत नाही. रुग्ण घरून निघण्यापूर्वीच एकूण दिवस, खर्च, पथ्य, संभाव्य व्यापद व जवळच्या रुग्णालयाची सोय त्यास लेखी कळवावी. त्याच्या जुन्या तपासण्या व चालू औषधे मागवून घ्यावीत. ‘कोणताही अपाय नाही’ असे विधान मात्र कोणीही करू नये. संभाव्य व्यापद आणि त्यावरील उपाय आधीच सांगणाऱ्या वैद्यावरच दूरचा रुग्ण विश्वास टाकतो. वैद्यबंधूंनी व भगिनींनी आपापल्या चिकित्सालयात असे एक माहितीपत्रक सिद्ध ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.