रिकामी नळी

पाषाणमधल्या एका प्रयोगशाळेत मी ग्लोव्हबॉक्ससमोर उभा आहे. आतल्या आरगॉनचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त, त्यामुळे काळे रबरी हातमोजे आपल्याच अंगावर फुगून आलेत. पीएचडी करणारी मुलगी त्यांत कोपरापर्यंत हात घालते. मीटरवर ऑक्सिजन आणि पाणी, दोन्ही १ पीपीएमच्या खाली. रिकाम्या नळ्यासुद्धा बाजूच्या चेंबरमधून तीनदा हवा उपसल्याशिवाय आत येत नाहीत.

एवढी उठाठेव चिमूटभर पांढऱ्या भुकटीसाठी. कॅल्शियम हायड्राइडचं हे विरघळणारं रूप जर्मनीत स्योर्ड हार्डर यांच्या गटाने २००६ मध्ये बनवलं. कॅल्शियमचा आयन मोठा. दोन नायट्रोजनांनी धरणारा ऐसपैस लिगंड त्याच्याभोवती नसेल, तर रेणू आपसांत अदलाबदल करतात आणि साधं हायड्राइड तळाशी बसतं.

ती अॅसिटोफेनोन हा कीटोन आणि पिनाकॉलबोरेन मोजून दोन नळ्यांत घालते. एकीत भुकटीचा कण. दुसरीत तो नाही.

ही भुकटी इथे उत्प्रेरक आहे. पॅलेडियमसारखे महागडे धातू हे काम इलेक्ट्रॉनांची देवघेव करत उरकतात. कॅल्शियम अधिक दोन या प्रभारावरून हलत नाही. त्याची तऱ्हा सरळ आहे: आपला हायड्राइड कीटोनच्या कार्बनला द्यायचा, ऑक्सिजन स्वतःकडे घ्यायचा, मग तो बोरेनला देऊन त्याचा हायड्राइड घ्यायचा. पुन्हा तेच. कॅल्शियम आणि हायड्राइडमधला बंध इतका कच्चा म्हणूनच हे जमतं, आणि म्हणूनच हवेचा झोत लागला की सगळं संपतं.

एनएमआरचा पडदा. पहिल्या नळीतलं कीटोनच्या मिथाइलचं २.१ जवळचं शिखर गेलंय, ५.४ पाशी नव्या पदार्थाचा चार रेघांचा झुबका उभा आहे. मी "वा!" म्हणतो. ती माझ्याकडे बघतही नाही.

"सर, दुसरी बघू द्या आधी."

तिचं बरोबर आहे. काही अॅल्डिहाइडांवर बोरेनची ही क्रिया उत्प्रेरकाशिवायही होते, आणि बोरेन फुटून निघालेलं बीएच३ गुपचूप काम करून श्रेय धातूला देतं, हेही आता उघड झालंय. या क्षेत्रातले कित्येक दावे, माझ्या मते, दुसऱ्या नळीअभावी लंगडे आहेत.

दुसऱ्या नळीत २.१ चं शिखर जसंच्या तसं. ५.४ ला काही नाही.

"ठीक आहे," ती म्हणते, "आता बीएच३ ला अडकवणारा टीएमईडीए घालून बघू," आणि तिसरी नळी चेंबरमध्ये ठेवते.