मोटारस्पर्धा, हौशी : वैयक्तिक प्रगतीचे मापन

हौशी मोटारस्पर्धकाचे चालनकौशल्य एका स्पर्धेपासून दुसरीपर्यंत किती सुधारले, हे नोंदींवरून ठरविण्याची रीत. केवळ अनुक्रमांकावरून ते कळत नाही. प्रतिस्पर्धी दुबळे असल्यास तो आपोआप वर जातो.

महाराष्ट्रातील हौशी चालकास विशेष सुलभ असलेला प्रकार म्हणजे वेळ, वेग व अंतर यांवर आधारलेली, ‘टीएसडी’ नावाने ओळखली जाणारी रॅली. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने (स्थापना १९१९) भरविलेल्या महिलांच्या रॅल्या याच प्रकारच्या होत. तीत सर्वांत वेगवान चालक नव्हे, तर नेमून दिलेला सरासरी वेग अचूक राखणारा चालक जिंकतो. समजा, बदलापूर-कर्जत मार्गावरील चामटोली येथे वेळनोंद चौकी असून आरंभस्थानापासून तिचे अंतर १२ किमी. आणि दिलेला वेग ताशी ३६ किमी. आहे, तर मोटार तेथे २० मिनिटांनी पोहोचावयास हवी. उशिराबद्दल दंडगुण मिळतात. लवकर पोहोचल्यास बहुधा अधिक.

दंडगुणांच्या बेरजेपेक्षा प्रत्येक चौकीवरील फरक चिन्हासह लिहून ठेवणे अधिक उद्बोधक ठरते. एका चौकीवर ३० सेकंद उशीर व दुसरीवर ३० सेकंद लवकर, अशा नोंदींची सरासरी शून्य येते, पण चालन सदोषच असते. म्हणून चिन्ह वगळूनही सरासरी काढावी लागते. उलट, उशीर अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, तर दोष बहुधा अंतरमापकाचा असतो. टायर झिजल्याने चाकाचा परीघ घटतो, मापक प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर दाखवितो आणि चालक नकळत हळू जातो. ही चूक १ टक्का असल्यास वरील उदाहरणात सु. १२ सेकंद उशीर होईल. मापक जुळवून घेतल्यावर गुण सुधारतील, मात्र त्यास चालकाची प्रगती म्हणता येणार नाही. विखुरलेले फरक कमी होणे, हीच चालक व मार्गदर्शक या जोडीची खरी प्रगती होय.

बंदिस्त मार्गावरील शर्यतीत वेळा थेट ताडता येत नाहीत. मार्ग, हवामान व टायर बदलतात. म्हणून त्याच वर्गातील नेहमीच्या स्पर्धकांच्या वेळांची मध्यगा घेऊन स्वतःच्या वेळेस तिने भागतात. मध्यगा ६० सेकंद व स्वतःची वेळ ६६ असल्यास गुणोत्तर १·१०. पुढील स्पर्धेत ५० व ५४ असल्यास १·०८, म्हणजे सुधारणा झाली. मोटारीत मोठा बदल केल्यास मात्र नोंदवही नव्याने सुरू करणेच प्रामाणिकपणाचे.

लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या सरळ धावेच्या स्पर्धांत आणखी एक भेद दिसतो. दिवा लागल्यापासून मोटार हलेपर्यंतचा प्रतिक्रियाकाल धावकालात धरत नाहीत. त्यामुळे आपली सर्वोत्तम धाव करूनही चालक हरू शकतो. दोन्ही आकडे वेगळे लिहावे लागतात.

वेळमापनाच्या चुकीपेक्षा लहान फरकास अर्थ नसतो. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर २०११ मध्ये झेबास्टिआन फेटेल याची पात्रता-फेरी १ मिनिट २४·१७८ सेकंद अशी सहस्रांशापर्यंत नोंदली गेली. हाताने दाबावयाच्या विराम घड्याळाने सेकंदाचा दशांशही खात्रीने सांगता येत नाही.