गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलताना

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे दाबलेले मिश्रण पेटवण्याचे काम स्पार्क प्लग करतो. बॅटरीतून येणारी 12 व्होल्टची वीज इग्निशन कॉइलमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाबाची होते आणि प्लगच्या टोकावरील जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पडते. एतिएन लन्वार यांनी 1860 साली आपल्या गॅसवर चालणाऱ्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. पुढे 1902 साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला आणि मोटारींत ही पद्धत रुळली. डिझेल इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटते, त्यामुळे तिथे स्पार्क प्लग नसतो. म्हणून इथले विवेचन पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरते आहे.

प्लग ही स्वस्त वस्तू आहे, पण तो ज्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये बसतो ते हेड महाग असते आणि त्यातले आटे मऊ असतात. प्लग घरी बदलण्याचे सारे कौशल्य हे आटे जपण्यात आहे. योग्य पाना, थंड इंजिन आणि मोजका जोर या तीन गोष्टी पाळल्या, तर तास-दीड तासाचे हे काम घरच्या पार्किंगमध्ये नीट होते.

प्लग झिजतो म्हणजे काय होते

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर एका किलोमीटरमागे प्रत्येक प्लगवर सुमारे 1000 ठिणग्या पडतात. हाच हिशेब धरला तर 40,000 किलोमीटरला एका प्लगच्या वाट्याला 4 कोटी ठिणग्या येतात. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचा अगदी सूक्ष्म कण उडवते. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोलसर होतात, फट रुंदावते आणि ती ओलांडायला अधिक व्होल्टेज लागते. हा भार कॉइलवर पडतो.

त्याची लक्षणे चालकाला जाणवतात. सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही, मिसिंग होते आणि ॲव्हरेज घटते. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये गेले की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. तो बदलण्याचा खर्च चार प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

साधे निकेलचे प्लग साधारण 30,000 ते 40,000 किलोमीटर चालतात. प्लॅटिनम आणि इरिडियमचे प्लग त्याहून बरेच जास्त, काही तर 1,00,000 किलोमीटरपर्यंत टिकतात. निकेल 1455 अंश सेल्सिअसला वितळते, तर इरिडियमला 2446 अंश लागतात. त्यामुळे इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरइतके बारीक ठेवता येते आणि तरीही ते लवकर झिजत नाही. सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून मुंबई-पुण्याकडे सर्रास दिसणाऱ्या सीएनजी गाड्यांचे प्लग लवकर तपासावेत. नेमका टप्पा गाडीच्या मालक-पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

प्लगवरचा क्रमांक

प्लग विकत घेताना गाडीचे नाव सांगून भागत नाही, क्रमांक जुळावा लागतो. उदाहरणादाखल एनजीकेचा ‘बीकेआर6ई-11’ हा प्लग घेऊ. यातील ‘बीके’ म्हणजे 14 मिलिमीटर व्यासाचे आटे आणि पाना लावायला 16 मिलिमीटरचा षटकोन. ‘आर’ म्हणजे आत बसवलेला रेझिस्टर. त्यामुळे रेडिओत आणि गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत खरखर येत नाही. ‘6’ हा उष्णतेचा दर्जा, ‘ई’ म्हणजे आट्यांची 19 मिलिमीटर लांबी आणि ‘11’ म्हणजे 1.1 मिलिमीटरची फट.

यातला उष्णतेचा दर्जा विशेष महत्त्वाचा. प्लगचे टोक सुमारे 500 अंशांच्या वर राहिले तरच त्यावरची काजळी जळून जाते, पण ते 850 अंशांच्या फार पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. उष्णता लवकर हेडमध्ये सोडणाऱ्या प्लगला ‘थंड’ आणि सावकाश सोडणाऱ्याला ‘गरम’ म्हणतात. एनजीके आणि डेन्सोच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, तर बॉशच्या क्रमांकात तो गरम होत जातो. म्हणून कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवणे चुकीचे ठरते. आट्यांची लांबी चुकली तर त्याहून मोठे नुकसान होते, कारण लांब प्लग थेट पिस्टनवर आदळू शकतो.

लागणारी हत्यारे

प्लग खोल विहिरीसारख्या नळीत बसलेला असतो, म्हणून साधा पाना तिथे पोचत नाही. त्यासाठी पुढील सामान हाताशी असावे.

- प्लगचे सॉकेट: जुन्या गाड्यांत बहुधा 21 मिलिमीटरचे, आताच्या बहुतेक गाड्यांत 16 मिलिमीटरचे, तर काहींत 14 मिलिमीटरचे लागते. आत रबर किंवा चुंबक असलेले सॉकेट घ्यावे. त्यात प्लग धरून राहतो आणि सिरॅमिकला तडा जात नाही.
- रॅचेट आणि 15 ते 25 सेंटिमीटरचे एक्स्टेन्शन.
- टॉर्क पाना: ठरलेला जोर लागला की ‘टक्’ आवाज करणारा.
- कॉइलचा बोल्ट काढायला बहुधा 10 मिलिमीटरचे सॉकेट.
- तारेचा फिलर गेज, हवा मारायचा पंप, स्वच्छ फडके, टॉर्च आणि सुरक्षा चष्मा.

रस्त्यावर मिळणारा पत्र्याचा बॉक्स पाना अडचणीला चालतो, पण तो तिरका झाला की सिरॅमिक फुटते.

जुने प्लग काढणे

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. गरम हेडमधून प्लग काढताना मऊ ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर उपटून येण्याची भीती असते. चावी काढून घ्यावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी.

बॉनेट उघडून इंजिनावरचे प्लॅस्टिकचे कव्हर काढले की प्रत्येक सिलिंडरवर एकेक कॉइल दिसते. कनेक्टरची खिट्टी दाबून तो सोडवावा. तापून ठिसूळ झालेली ही खिट्टी जोर केला तर तुटते. मग बोल्ट काढून कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवत सरळ वर ओढावी. जुन्या गाड्यांत कॉइलऐवजी जाड वायरी असतात. त्या वायरीला न धरता टोपणाला धरून काढाव्यात. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम बहुधा 1-3-4-2 असतो आणि वायरींची अदलाबदल झाली की इंजिन नीट चालत नाही. म्हणून एका वेळी एकच प्लग बदलावा.

कॉइल निघाली की खोलगट जागेत पंपाने हवा मारावी. तिथे साठलेली धूळ आणि वाळू प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनवर ओरखडे पाडते. त्यानंतरच सॉकेट सरळ बसवून रॅचेट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. सुरुवातीच्या एका झटक्यानंतर प्लग हाताने फिरला पाहिजे. मध्येच अडला तर जोर करू नये. आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ थांबावे, मग पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे असे करत तो सोडवावा.

जुना प्लग काय सांगतो

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सिलिंडरमध्ये इंधन नीट जळते आहे. कोरडी काळी काजळी दिसली तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, किंवा इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होईल अशा छोट्या फेऱ्या होत आहेत. टोक ओले, तेलकट असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत शिरते आहे. पांढरेफटक, फोड आल्यासारखे टोक जास्त तापल्याचे लक्षण असते. प्लगच्या टोकाऐवजी बाहेरच्या खोलगट जागेतच ऑइल साचलेले दिसले, तर दोष टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमध्ये किंवा सीलमध्ये असतो. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दुरुस्ती त्या एका सिलिंडरची आहे, हे कळते.

नवे प्लग बसवणे

नव्या प्लगची फट तारेच्या गेजने पडताळून पाहावी. निकेलच्या प्लगची फट कमी-जास्त करायची असल्यास बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड अलगद वाकवावा, मधल्यावर टेकू देऊन नाही. इरिडियमचे बारीक टोक सहज मोडते, म्हणून त्यात गेज रेटू नये आणि फट चुकीची निघाल्यास प्लग दुकानात बदलून घ्यावा. हातातून फरशीवर पडलेला प्लगही वापरू नये. आतल्या सिरॅमिकचा तडा बाहेरून दिसत नाही.

पुढचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. प्लग सॉकेटमध्ये बसवून एक्स्टेन्शनने हळूच खाली सोडावा आणि रॅचेट न लावता फक्त बोटांनी फिरवावा. आधी उलट दिशेने फिरवले की आटे जुळताच प्लग किंचित खाली बसल्याचे बोटांना कळते. तिथून सुलट फिरवत तो टेकेपर्यंत न्यावा. दोन-तीन फेऱ्यांतच प्लग घट्ट झाला तर आटे तिरके लागले आहेत, असे समजून तो लगेच काढावा आणि पुन्हा लावावा.

त्यानंतर टॉर्क पाना लावावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये 14 मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर, 12 मिलिमीटरच्या प्लगला 15 ते 20 आणि 10 मिलिमीटरच्या प्लगला 10 ते 12 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. 25 न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे 10 किलो वजनाइतका जोर. टॉर्क पाना नसेल तर 14 मिलिमीटरचा वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आणखी फिरवावा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा हिस्साच पुरतो. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नये, कारण ओल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो.

आता कॉइल सरळ दाबून बसवावी, बोल्ट हलक्या हाताने आवळावा आणि कनेक्टर ‘टक्’ वाजेपर्यंत लावावा. हाच क्रम उरलेल्या सिलिंडरांसाठी. शेवटी बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे आणि ते एका लयीत चालते का हे काही मिनिटे ऐकावे. थरथर जाणवली किंवा चेक इंजिनचा दिवा लागला, तर आधी कनेक्टर आणि वायरींचा क्रम तपासावा. चूक बहुधा तिथेच असते.

गॅरेजमध्ये कधी जावे

तेल टाकूनही प्लग सुटत नसेल, आत मोडला असेल किंवा आटे गेले असतील, तर तिथेच थांबावे. अनुभवी फिटर नवे आटे पाडून किंवा आट्यांची स्प्रिंग बसवून हेड वाचवू शकतो. जबरदस्ती झाली तर अख्खे हेड उतरवावे लागते. काही इंजिनांत, विशेषतः व्ही-6 प्रकारात, मागचे प्लग इनटेक मॅनिफोल्डखाली असतात. ते कामही गॅरेजचेच.

सारे सुरळीत झाले की तारीख, किलोमीटरचा आकडा आणि प्लगचा क्रमांक सर्व्हिसच्या वहीत लिहावा. पुढच्या वेळी प्लग किती चालले आणि कोणते घ्यायचे हे त्यावरून कळते.